नागपुरात नव्याने बिऱ्हाड करणाऱ्यांनी आजारपणाच्या खर्चाची सोय कशी करून ठेवावी

बुलढाणा जिल्ह्यातून मी २००४ साली बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आलो, तेव्हा खोलीचे भाडे, गॅसची जोडणी आणि मुलीची शाळा यांपलीकडे कसलाही विचार केला नव्हता. आज हिंगणा, कळमेश्वर, बुटीबोरी किंवा मिहानच्या बाजूला राहायला येणारी तरुण कुटुंबेही तेच करतात; आणि अंगात धमक असताना इस्पितळाचा हिशेब कोण मांडून ठेवतो म्हणा. गावी आजारपण आले की भावकी धावून येते, इथे मात्र ती सोय आपली आपणच लावून घ्यावी लागते.

२०१४ च्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या सहकाऱ्याला मध्यरात्री हृदयविकाराचा झटका आला. ज्या खासगी रुग्णालयात त्याला नेले, तिथे शासनाची योजना लागू होती. पण शिधापत्रिका गावी आईच्या पेटीत कुलपात होती आणि आधार कार्डावरील नाव तीवरील नावाशी जुळते की नाही, हेही कोणाला ठाऊक नव्हते. घाबरलेल्या अवस्थेत आम्ही त्याला रोख पैसे भरणारा रुग्ण म्हणून दाखल केले. ४०,००० रुपयांची अनामत जमवण्यासाठी पहाटे दोन वाजता दारे ठोठावली. कोणी पिठाच्या डब्यातले पैसे काढून दिले, तर एका वहिनींनी त्याच दिवशी उचललेल्या भिशीचे पाकीट न मोजताच हातात ठेवले. दुपारी भाऊ एसटीने शिधापत्रिका घेऊन पोहोचला, तोवर शस्त्रक्रिया होऊन गेली होती. या योजनेत खर्च आधी करून नंतर परत मागता येत नाही, ही गोष्ट आम्हाला त्या दुपारी कळली.

ती योजना आता महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून २०१२ मध्ये काही जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना पुढच्या वर्षी राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिचे नाव बदलले. १ जुलै २०२४ पासून पिवळी, केशरी व पांढरी अशा सर्व शिधापत्रिकाधारकांना तिचा लाभ असून कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. रुग्णालय योजनेत अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेले, असले पाहिजे, आजार ठरलेल्या यादीत असला पाहिजे आणि उपचारापूर्वी मंजुरी घेतली पाहिजे, या तीनही अटी लक्षात ठेवाव्यात. तातडीच्या प्रसंगी फोनवरून कळवून उपचार सुरू करण्याची सोय आहे, म्हणून पैसे भरण्याच्या खिडकीकडे जाण्याआधी आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्या रुग्णालयातील माणसाचा, टेबल शोधावा. सौसर-पांढुर्ण्याकडून आलेल्या आपल्या मराठी बांधवांची शिधापत्रिका मध्य प्रदेशची असते, त्यामुळे ही योजना त्यांना लागू होत नाही. केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत योजनेच्या निकषांत बसत असल्यास त्यांनी ते कार्ड काढून घ्यावे, कारण ते महाराष्ट्रातही चालते.

आपला कारखाना कामगार राज्य विमा योजनेखाली (ईएसआय) येत असेल आणि वेतन दरमहा २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर त्या योजनेत आपण असायलाच हवे. आपल्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. कंत्राटदाराकडे लागलेल्यांनी ही वर्गणी खरोखर भरली जाते का, हे विमा क्रमांक टाकून स्वतः पाहावे. तोंडी आश्वासनावर विसंबून राहिलेली माणसे मी पाहिली आहेत. मोठ्या, विशेष उपचारांसाठी काही काळाची वर्गणी जमा असावी लागते, ही गोष्टही आधीच विचारून घ्यावी.

धर्मादाय, म्हणजे सार्वजनिक न्यासांनी चालवलेल्या, रुग्णालयांची सोय बहुतेकांना माहीत नसते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. त्यासाठीचा निधी इतर रुग्णांच्या बिलाच्या २ टक्के रकमेतून उभा राहतो, म्हणजे अनोळखी माणसे एकमेकांचा खर्च वाटून घेत असतात. यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि रुग्ण खाटेवर असताना तो काढायला धावणे म्हणजे काय, ते धावलेल्यालाच ठाऊक. मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स या सरकारी रुग्णालयांमध्ये तर मुळातच खर्च कमी आहे. गर्दीला कंटाळून तिथून पाय काढता घेण्याची घाई करू नये, एवढेच सांगतो.

आता आपल्या माणसांच्या निधीविषयी, कारण यात आमचे हात पोळले आहेत. त्या रात्रीनंतर आम्ही १२ घरांनी महिन्याला १०० रुपये जमा करायला सुरुवात केली. पहिल्याच मोठ्या आजारात साठलेली सगळी रक्कम एका कुटुंबाला देऊन टाकली. चार महिन्यांनी दुसऱ्या घरी बाळंतपणात गुंतागुंत झाली, तेव्हा खात्यात शेदोनशे रुपये होते. त्या घरातील माणूस आजही आमच्याशी जेवढ्यास तेवढेच बोलतो, आणि त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही.

त्यानंतर नियम बदलले. शस्त्रक्रियेचे पैसे आम्ही देत नाही. ते योजनेने, विम्याने किंवा मालकाने द्यावेत, आणि ते मिळवून देण्यासाठी आमच्यापैकी एक जण कागद घेऊन सोबत जातो. ज्याची पावती कुठेही लागत नाही, त्यासाठी निधी आहे: पहिल्या रात्रीची अनामत, बाहेरून करायला सांगितलेल्या तपासण्या, रुग्णासोबत थांबणाऱ्याचे जेवण, ऑटोचे भाडे, बुडालेली रोजंदारी. आज २२ घरे दरमहा ३०० रुपये, म्हणजे एकूण ६,६०० रुपये भरतात. एका प्रसंगाला १५,००० रुपयांपर्यंत रक्कम बैठक न बोलावता मिळते. त्यांतले ५,००० परत मागत नाही, उरलेले दहा हप्त्यांत बिनव्याजी घेतो. खाते दोघांच्या सहीने चालते आणि वहीची पाने दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सर्वांसमोर वाचली जातात. वही हेमाताईंकडे असते. हे त्यांचे खरे नाव नाही, पण शाईचा डाग पडलेले पान फाडून न टाकता तिथेच सही करण्याचा त्यांचा दंडक मात्र खरा आहे.

अशा निधीला कोणीही विमा समजू नये. पगार २१,००० रुपयांहून अधिक असेल, तर कंपनीच्या गटविम्यावर न थांबता स्वतःची पॉलिसी घ्यावी, कारण नोकरी सुटली की गटविमाही सुटतो. घेताना आधीपासूनचे आजार लपवू नयेत आणि खोलीच्या भाड्याची मर्यादा वाचावी. ती ओलांडून महागडी खोली घेतली, तर अनेक पॉलिसींत बिलातील इतर बाबींचीही त्याच प्रमाणात कपात होते.

आमच्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या कुटुंबाला आम्ही चेन लावायची प्लास्टिकची पिशवी देतो. तिच्यात मूळ शिधापत्रिका, सर्वांची आधार कार्डे, उत्पन्नाचा दाखला, विमा क्रमांक आणि जुन्या तपासण्यांचे कागद ठेवून ती दाराजवळच्या खिळ्याला अडकवायची असते. लग्न होऊन आलेल्या सुनेचे आणि नव्या बाळाचे नाव शिधापत्रिकेवर चढलेले नसणे ही आम्हाला सर्वांत जास्त वेळा आढळलेली अडचण आहे. तेव्हा पुढच्या खेपेला गावी जाल, तेव्हा ती पेटी उघडून शिधापत्रिका सोबत घेऊन या आणि तीवरील प्रत्येक नाव आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा.