कोल्हापूरहून अमेरिकेतील ख्रिस्ती विद्यापीठात फार्मसीसाठी जाताना

कोल्हापूर-मिरज भागात ‘मिशन’ हा शब्द उच्चारला की लोकांच्या डोळ्यांसमोर प्रथम दवाखाना येतो. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि पुढे डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभारले. त्या रुग्णालयाशी इथल्या अनेक घरांचा पिढ्यान्‌पिढ्या संबंध आला. त्यामुळे मुलगा किंवा मुलगी अमेरिकेतील ख्रिस्ती विद्यापीठात फार्मसी शिकायला जाणार म्हटल्यावर घरातील वडीलधारी माणसे ‘ख्रिस्ती’ हे विशेषण मुंबईच्या विल्सन कॉलेजाच्या नावाइतकेच सहज घेतात. काही विद्यापीठांच्या बाबतीत ते योग्य ठरते, काहींच्या बाबतीत मुळीच नाही. त्याआधी मात्र एक वेगळा प्रश्न सोडवावा लागतो आणि तो बारावीच्या वर्षातच सोडवलेला बरा.

आपल्याकडे सीईटी देऊन चार वर्षांच्या बी. फार्म.ला प्रवेश घेणे हा रुळलेला मार्ग आहे, आणि ‘परवान्याचे पुढे अमेरिकेत गेल्यावर पाहू’ असा हिशेब अनेकदा त्यामागे असतो. हा हिशेब चुकतो. परदेशी पदवीधरांना तेथे फार्मासिस्टचा परवाना हवा असल्यास आधी एफपीजीईई ही परीक्षा द्यावी लागते, आणि १ जानेवारी २००३ पासून पुढे पदवी घेतलेल्यांना तिच्यासाठी किमान पाच वर्षांचा फार्मसी अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा लागतो. चार वर्षांची बी. फार्म. या अटीला अपुरी पडते, आणि तिच्यावर एम. फार्म. केल्यानेही ही उणीव भरून निघत नाही. म्हणून अमेरिकेत फार्मासिस्ट व्हायचे असल्यास सरळ वाटा दोन उरतात: भारतीय फार्मसी परिषदेने २००८ मध्ये सुरू केलेला सहा वर्षांचा फार्म. डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) अभ्यासक्रम भारतात पूर्ण करणे, किंवा अमेरिकेतीलच फार्म. डी.ला प्रवेश घेणे. पुढील विवेचन दुसऱ्या वाटेविषयी आहे.

अमेरिकेतील फार्म. डी. बहुतेक ठिकाणी चार वर्षांची असते आणि तिच्याआधी किमान दोन वर्षांचे महाविद्यालयीन विषय पूर्ण झालेले असावे लागतात. बारावीनंतर लगेच जाणाऱ्याला हे विषय तेथेच शिकता येतात, येथून बी. फार्म. करून जाणाऱ्याला आपल्या पदवीतील विषय त्यांच्या यादीशी जुळवून दाखवावे लागतात आणि प्रवेश सहसा चार वर्षांतील पहिल्याच वर्षात मिळतो. सेंद्रिय रसायनशास्त्र, शरीररचना आणि सूक्ष्मजीवशास्त्र यांची अडचण सहसा येत नाही. अडते ते इंग्रजी निबंधलेखन, सार्वजनिक भाषण, संख्याशास्त्र आणि कॅल्क्युलस यांच्यापाशी. विशेषतः अकरावीत गणित सोडून केवळ जीवशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यांना बी. फार्म.च्या पहिल्या सत्रातील रेमेडियल गणितावर विसंबता येत नाही, कारण ते कॅल्क्युलसच्या तोडीचे मानले जाईलच असे नाही. अकरावीत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. क्लासचे ओझे वाढते हे मान्य करूनही.

आता विद्यापीठाच्या निवडीकडे वळू. ओमाहाचे क्रेटन हे जेझुइट या कॅथलिक संघाचे विद्यापीठ आणि पिट्सबर्गचे ड्युकेन हेही कॅथलिक विद्यापीठ. दोन्ही ठिकाणी सर्व धर्मांचे विद्यार्थी शिकतात आणि त्यांच्यावर उपासनेची सक्ती नसते. अलाबामातील सॅमफर्ड आणि नॉर्थ कॅरोलायनातील कॅम्पबेल यांची परंपरा बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाची आहे. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा हे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे विद्यापीठ असून त्याचे फार्मसी विद्यालय २००२ मध्ये सुरू झाले. तेथे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळला जातो, विद्यार्थ्यांनी मद्य आणि तंबाखूपासून दूर राहावे अशी अपेक्षा असते, आणि भोजनगृहात शाकाहारी जेवण मिळते. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या मुलाने ही शेवटची अट हसण्यावारी नेऊ नये. ओहायोतील सीडरव्हिल येथे तर आठवड्यातील कामकाजाच्या दिवशी रोज चॅपल, म्हणजे सामूहिक उपासना, असते, पदवीच्या विद्यार्थ्यांना बायबलच्या अभ्यासाचे विषय घ्यावे लागतात आणि अर्जातच ख्रिस्तावरील आपल्या श्रद्धेविषयी लिहावे लागते.

यांपैकी कोणतेही विद्यापीठ चांगले किंवा वाईट ठरवण्याचा माझा हेतू नाही. मात्र जो विद्यार्थी स्वतः ख्रिस्ती नाही, त्याने विद्यापीठाची विद्यार्थी-नियमावली शुल्काच्या तक्त्याइतक्याच बारकाईने वाचावी, आणि रोजच्या उपासनेला बसणे आपल्याला मनापासून जमेल का, हे आई-वडिलांना विचारण्याआधी स्वतःला विचारावे. प्रवेशासाठी नसलेली श्रद्धा निबंधात लिहू नये. ती मुलाखतीत उघडी पडते, आणि न पडली तरी पुढची चार वर्षे तिच्याशी जुळवून घेत काढावी लागतात. त्याऐवजी सेवेविषयी आपल्याला जे खरोखर वाटते ते लिहावे. आजी-आजोबांना मिशनच्या दवाखान्यात मिळालेल्या उपचाराची खरी आठवण घरात असेल, तर तीही सांगावी.

बहुतेक फार्मसी विद्यालयांचे अर्ज फार्मकॅस या सामायिक संकेतस्थळावरून भरले जातात, जेथे नवे प्रवेशसत्र साधारणतः जुलैत उघडते. पीकॅट ही प्रवेशपरीक्षा २०२४ मध्ये बंद झाली आहे, त्यामुळे तिच्या तयारीसाठी जुनी पुस्तके किंवा क्लास यांवर पैसे घालवू नयेत. जागा जसजसे अर्ज येतील तसतशा भरत जातात, म्हणून लवकर अर्ज करण्याचा फायदा खरा आहे. भारतातील गुणपत्रकांचे मूल्यांकन वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारख्या संस्थेकडून करून घ्यावे लागते, आणि त्यासाठी विद्यापीठाकडून मोहोरबंद ट्रान्सक्रिप्ट (सर्व सत्रांच्या गुणांचे अधिकृत पत्रक) मिळवण्यातच अनेकांचे महिने जातात. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात एकदा चक्कर मारून काम होईल असे गृहीत न धरता, निकाल लागताच अर्ज टाकून ठेवावा. टोफेल किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण ठरावीक काळापुरतेच ग्राह्य असतात, हेही तारखा आखताना लक्षात ठेवावे.

मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न म्हणजे ‘फार्मसीच का?’ या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात सापडत नाही, ते मेडिकलच्या काउंटरमागे उभे राहिल्यावरच सुचते. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मालकाची परवानगी घेऊन दोन-तीन महिने, आठवड्यातून दोन संध्याकाळी निरीक्षणासाठी बसावे. डॉक्टरांची चिठ्ठी कशी वाचली जाते, अर्धाच कोर्स मागणाऱ्या गिऱ्हाइकाला काय सांगितले जाते आणि चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागणाऱ्याला कोण नकार देते, याची नोंद तारखेनिशी वहीत ठेवावी. शिफारसपत्र त्याच फार्मासिस्टकडून घेता आले, तर विद्यार्थ्याला नीट न ओळखणाऱ्या प्राध्यापकाच्या पत्रापेक्षा त्याचे वजन अधिक पडते.

पैशाचा हिशेब कठोरपणे मांडावा. खासगी विद्यापीठांचे शुल्क वर्षाला हजारो डॉलरच्या घरात असते आणि राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा असतो. एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते, आणि पदवीनंतर ओपीटी या प्रशिक्षण-सवलतीखाली कामाची मुभा साधारणतः १२ महिन्यांची असते. तेवढ्या वर्षभरात कर्ज फिटेल असे गृहीत धरून घर किंवा शेती तारण ठेवू नये. प्रवेश नक्की झाल्यावर विद्यापीठ आय-२० हे पत्र देते. त्यानंतर सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे शुल्क भरून मुंबईच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात मुलाखतीची वेळ घ्यावी लागते.

जाण्याआधीच्या धावपळीत राहून जातात ते आरोग्याचे कागद. अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षाआधीच्या वर्षांत मिळून किमान ३०० तास आणि शेवटच्या वर्षात किमान १,४४० तास रुग्णालयांत व औषधालयांत काम करावे लागते, त्यामुळे गोवर, कांजिण्या आणि हिपॅटायटिस-बी यांच्या लसींचे पुरावे आधी मागितले जातात. लहानपणी बीसीजी ही क्षयरोगाची लस घेतलेल्यांची क्षयरोगाची त्वचाचाचणी काही वेळा रोग नसतानाही पॉझिटिव्ह येते. अशा वेळी रक्तावरील आयजीआरए चाचणी अधिक भरवशाची असते. शाळेच्या वेळचे लसीकरणाचे कार्ड सापडत नसेल, तर येथील डॉक्टरांकडून प्रतिपिंडांच्या रक्तचाचण्या करून घेऊन त्यांचे अहवाल इंग्रजीत, सही-शिक्क्यानिशी हातातल्या बॅगेत ठेवावेत.