जोरदार काडतूस आणि ते झेपेल असं पिस्तूल कसं निवडायचं

"सगळ्यात पॉवरफुल पिस्तूल कुठलं" असं कुणी विचारलं की लोक डेझर्ट ईगलचं नाव घेऊन मोकळे होतात. पण आधी हे ठरवा की पिस्तूल हवंय कशासाठी, आणि पहिली गोळी मारल्यावर दुसरी पण तिथंच मारता येणार आहे का. कुठलं कॅलिबर साध्या नागरिकाला लायसन्सवर ठेवता येतं हे देशादेशात वेगळं असतं, ते सगळ्यात आधी बघा, नाहीतर पुढचं सगळं वाचून काही उपयोग नाही.

आता आकडे, कारण नुसत्या नावावरून काही कळत नाही. नेहमीचं ९ एमएम म्हणजे १२४ ग्रेनची (साधारण ८ ग्रॅम) बुलेट सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास जाते, ऊर्जा ४९० ज्यूल. .४५ एसीपीची २३० ग्रेनची बुलेट २६० मीटरने जाते, आणि गंमत म्हणजे तिची ऊर्जा पण ५०० ज्यूलच भरते, फक्त जड आणि हळू. काडतूस उडताना आत तयार होणाऱ्या दाबात (तो पीएसआयमध्ये मोजतात) मात्र मोठा फरक आहे, ९ एमएमची मर्यादा ३५,००० पीएसआय आणि .४५ ची २१,०००, म्हणून .४५ चा धक्का हाताला ढकलल्यासारखा लागतो, टोचत नाही. .३५७ सिग १९९४ ला आलं, १२५ ग्रेनची बुलेट ४१० मीटरने, म्हणजे ६८० ज्यूलच्या आसपास, पण दाब ४०,००० आणि आवाज-भडका भरपूर. आणि १० एमएम ऑटो, मूळ लोडमध्ये (लोड म्हणजे बुलेट आणि दारूचं प्रमाण) २०० ग्रेनची बुलेट ३६५ मीटरने, ८७० ज्यूलच्या आसपास. साध्या साइझच्या पिस्तुलात रोजच्या वापरासाठी याच्या वर जायची गरज मला तरी वाटत नाही.

पण इथंच बहुतेकांची फसगत होते. डब्यावर १० एमएम लिहिलंय म्हणजे आत तेवढी ताकद आहेच असं नाही. मागचं कारण जुनं आहे. १९८३ ला जेफ कूपर या अमेरिकन पिस्तूल प्रशिक्षकाच्या कल्पनेतून हे काडतूस आलं. १९८६ च्या मायामीतल्या गोळीबारानंतर एफबीआयने ते उचललं, पण त्यांना लोड सौम्य हवा होता, तो १८० ग्रेन आणि २९० मीटरवर आला, म्हणजे पुन्हा ९ एमएमच्याच जवळपास. मग एवढीच ताकद लागत असेल तर केस, म्हणजे काडतुसाची धातूची नळी, लांब कशाला, म्हणून केस आखूड करून १९९० ला .४० एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) काढलं. आजही बाजारात १० एमएमच्या नावाने बरेच डबे .४० च्या ताकदीचेच असतात. तेव्हा डब्यावर बुलेटचं वजन आणि वेग दोन्ही वाचा, वेग लिहिलेलाच नसेल तर तो डबा ठेवून द्या. १८० ग्रेनला ३१० मीटरच्या खाली आकडा असेल तर तुम्ही मोठं पिस्तूल, जाड ग्रिप आणि महाग काडतूस घेऊन .४० चालवताय, एवढं समजून घ्या.

.४० चं काडतूस १० एमएमच्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायची जागा) बसतं आणि बऱ्याचदा उडतंही, केस बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या हुकने धरून ठेवलेलं असतं म्हणून. पण काडतूस चेंबरमध्ये केसच्या तोंडावर टेकून राहायला हवं, हुकवर लटकून नाही, त्यामुळं असं करू नका.

बुलेट पण कामाप्रमाणे. स्वसंरक्षणाला फुलणारी होलो पॉइंट, जी शरीरात थांबते आणि मागं कुणाला लागायची शक्यता कमी होते. जंगलात अस्वलासारख्या जनावरासाठी उलट, न फुलता आत घुसणारी कडक बुलेट, हार्ड कास्ट म्हणतात ती. फक्त ग्लॉकच्या जुन्या पिढ्यांतल्या पॉलिगोनल (आतून गोलसर कडांच्या) बॅरलमध्ये जॅकेट नसलेली शिशाची बुलेट, हार्ड कास्टसुद्धा, चालवू नका असं कंपनीच सांगते, तिथं वरून तांब्याचं जॅकेट असलेलीच घ्या. ग्रीनलँडमध्ये डॅनिश सिरियस गस्ती पथक ध्रुवीय अस्वलांसाठी ग्लॉक २० ठेवतं, म्हणजे १० एमएमला काम आहे, पण ते काम काय आहे तेही बघा.

आता पिस्तुलाकडे येऊ. पहिली गोष्ट मॅगझीन, म्हणजे गोळ्यांची पेटी. ब्रेन टेन हे १० एमएमचं पहिलं पिस्तूल, बंदूक तयार पण मॅगझीन वेळेवर मिळेनात, आणि १९८६ पर्यंत कंपनी बंद पडली. म्हणून जे मॉडेल घ्याल त्याची मॅगझीन आणि स्प्रिंग सहज मिळतात का हे आधी विचारा.

दुसरं, बांधणी. १० एमएमची स्लाइड (वरचा सरकणारा भाग) जोरात मागं येते, त्याचा मार फ्रेमला (खालच्या सांगाड्याला) बसतो. कोल्टच्या डेल्टा एलीटमध्ये, १९८७ चं मॉडेल, सुरुवातीच्या काही फ्रेमना स्लाइड स्टॉपच्या भोकाच्या वरची पातळ पट्टी तडकायची, नंतर कंपनीने तो भाग कापूनच टाकला. म्हणजे .४५ साठी बेतलेल्या फ्रेममध्ये मोठं काडतूस कोंबलं की असं होतं. आज कोल्टच्या जुन्या १९११ मॉडेलच्या घराण्यातली १० एमएम पिस्तुलं चांगली बनतात, ती पातळ असतात, ट्रिगर छान, पण मॅगझीनमध्ये आठच्या आसपासच राउंड. ग्लॉक २० मध्ये पंधरा बसतात, रिकामं वजन पाऊण किलोच्या थोडं वर, नळी ११७ मिमी. ग्लॉक २९ त्याचाच लहान भाऊ, नळी ९६ मिमी, म्हणजे वेग कमी, भडका जास्त आणि हातात उडी मोठी, लपवून बाळगायला ठीक पण सरावाला कंटाळा. उलट ग्लॉक ४० (नाव ४० असलं तरी १० एमएमचंच) ची नळी १५३ मिमी, शिकारीला झकास, कमरेला अवघड. सिगचं पी२२० स्टीलमध्ये, आणि स्टीलचं वजन धक्का कमी करतं हे पहिल्याच मॅगझीनला जाणवतं.

ग्रिपबद्दल मी जरा जास्तच बोलतो, कारण लोक दुकानात पिस्तूल हातात घेतात, वा म्हणतात आणि पैसे देतात. आधी मॅगझीन काढा, मग रिकामं आहे हे स्लाइड ओढून, चेंबरमध्ये बोट घालून स्वतः तपासा, मग बीव्हरटेलच्या (ग्रिपच्या वर मागं आलेल्या टोकाच्या) खाली जितका वर जाईल तितका हात वर चढवा. आता ट्रिगरवर बोट ठेवा. पहिल्या पेराचा मधला भाग सरळ येतो का, की नुसतं टोक पोचतंय? टोक पोचत असेल तर पकड कडेला सरकते आणि धक्का मनगटाऐवजी अंगठ्याच्या हाडावर येतो, पन्नास राउंडनंतर ते दुखायला लागतं. १० एमएमची केस लांब म्हणून दुपदरी मॅगझीनची ग्रिप पुढून मागं लांब असते, लहान हाताला ग्लॉकचं एसएफ म्हणजे शॉर्ट फ्रेम किंवा एकपदरी १९११ बरं. मनगट ढिलं राहिलं की स्लाइडला मागून आधार मिळत नाही आणि केस अडकते, दोष मग पिस्तुलाला देतात.

.५० एई, म्हणजे डेझर्ट ईगलच्या काडतुसाबद्दल दोन शब्द, कारण विचारणारे असतातच. ३०० ग्रेनची बुलेट ४५० मीटरने, १,९०० ज्यूलच्या वर. डेझर्ट ईगल गॅसवर चालतं, बोल्ट रायफलसारखा फिरून लॉक होतो, दोन किलोचं, सात राउंड, आणि .४४ मॅग्नमची बॅरल-मॅगझीन पण त्याच फ्रेमवर बसते. रेंजवर मजा आहे, बाकी रोज कमरेला लावायची वस्तू नाही ती. .४६० रोलँड या जोरदार काडतुसाला .४५ ची पिस्तुलं वापरतात, पण खास बॅरल, कॉम्पेन्सेटर (नळीच्या तोंडाशी धक्का कमी करणारा भाग) आणि कडक स्प्रिंग घातल्याशिवाय ते काडतूस घालायचं नाही.

नवं पिस्तूल घेतल्यावर पूर्ण ताकदीचा लोड लगेच पोतंभर आणू नका. एक डबा चालवा आणि रिकाम्या केसा गोळा करून उजेडात फिरवून बघा. कडेच्या खाचेच्या जरा वर एका बाजूला फुगवटा दिसतोय का, प्रायमर (केसच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) पार चपटा होऊन कडा खोबणीत बसल्यात का. तसं दिसलं तर तो लोड त्या बॅरलला जड आहे, मऊ लोड घ्या किंवा केसला पूर्ण आधार देणारी बॅरल टाका. केसा फार लांब उडत असतील तर स्प्रिंग कमजोर असू शकते. ती थकते, बदलायची असते, आणि बदलली की कुठला डबा चालवताय ते वहीत लिहून ठेवा. कानाला इअर प्लग आणि वरून मफ दोन्ही, बंदिस्त रेंजवर १० एमएम नुसत्या प्लगवर मारलं तर कान दिवसभर वाजत राहतो.