विद्यार्थ्यांच्या पोस्टरवरची तुटकी देवनागरी: माझा अनुभव

वर्गातल्या पोस्टरांवर ‘शक्ती’मधला ‘क’ पाय मोडून सुटा पडे आणि ‘किल्ला’तली ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या आधी न येता नंतर उमटे, फॉन्ट बदलूनही फरक पडेना, कारण दोष फॉन्टचा नव्हताच. पोस्टर मांडायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरच्या पॅराग्राफ पॅनेलमधील मेनूतून ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ (देवनागरीसारख्या लिप्यांची अक्षरे नीट जुळवणारा पर्याय) निवडल्यावर जोडाक्षरे नीट जुळली.

शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून विद्यार्थी रोमन लिपीच्या सवयीने अक्षरांमधील अंतर वाढवत (हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही) आणि शिरोरेषा तुटे. ते अंतर शून्यावर आणून मी त्यांना ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेच्या ‘मुक्ता’ फॉन्टमधील सात वजनांतून (म्हणजे अक्षरांच्या बारीक-जाड रूपांतून) ठळकपणा निवडायला लावला. ओळींमधील अंतर मात्र वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीतील रफारांना भिडत नाहीत, हे पाहूनच ठरवले.