जुने प्रोग्राम पायथन ३.१४ वर नेताना

पायथन या मुक्तस्रोत प्रोग्रामिंग भाषेची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरात येते. ३.१२ ही २ ऑक्टोबर २०२३ रोजी आली, ३.१३ ही ७ ऑक्टोबर २०२४ रोजी आणि ३.१४ ही ७ ऑक्टोबर २०२५ रोजी. खानदेशात हाच काळ कापसाची आवक सुरू होण्याचा असतो. जिनिंगच्या कार्यालयांत, डाळ मिलमध्ये आणि केळीच्या खरेदीत पावत्या, वजने व हिशेब ज्या लहान प्रोग्रामांवर चालतात, त्यांना ऐन हंगामात हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये जरूर वापरून पाहावी. परंतु रोजचे काम तिच्यावर आणण्यासाठी एप्रिल-मे हे महिने निवडावेत, म्हणजे तोपर्यंत तिच्या काही दुरुस्ती-आवृत्त्या आलेल्या असतात आणि आपण वापरतो ती बाहेरची पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहिलेले तयार कोड-संच, हीही तिच्याशी जुळवून घेतलेली असतात.

मात्र हे काम फार लांबवूही नये. ३.८ ला मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या २०२४ मध्ये थांबल्या आणि ३.९ च्या २०२५ मध्ये थांबल्या. ज्या दुकानात अजून विंडोज ७ चा संगणक आहे, तिथे ३.८ च्या पुढची पायथन चालतच नाही. अशा ठिकाणी आधी संगणक बदलावा लागेल, त्याला दुसरा मार्ग नाही.

कामाला सुरुवात नव्या आवृत्तीपासून करू नये, जुन्यापासून करावी. आपला प्रोग्राम आजच्याच पायथनवर, पण सगळे इशारे दाखवण्याचा पर्याय देऊन चालवावा: 'पायथन' या आज्ञेनंतर वजा चिन्ह, त्याला जोडून कॅपिटल डब्ल्यू, मग 'डिफॉल्ट' हा शब्द आणि शेवटी फाइलचे नाव. एरवी पायथन कालबाह्य गोष्टींचे बरेच इशारे दाखवत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षे सुरळीत चाललेल्या प्रोग्राममध्येही या वेळी पडदाभर ओळी उमटू शकतात. त्या सगळ्या एका फाइलमध्ये साठवाव्यात, कारण पुढच्या दुरुस्त्यांची यादी तीच आहे.

त्यानंतर ३.१४ बसवावी. जुनी आवृत्ती काढून टाकू नये. विंडोजवर दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. नव्या आवृत्तीसाठी नवे आभासी पर्यावरण, म्हणजे पॅकेजेस स्वतंत्र ठेवणारा फोल्डर ('व्हेन्व्ह'), तयार करावे. जुन्याची नक्कल करून ते चालेल असे समजू नये. जुन्या पर्यावरणातील पॅकेजेसची यादी 'पिप फ्रीझ' या आज्ञेने काढून तिच्या आधारे नव्यात एकेक पॅकेज बसवावे. येथे एक गोष्ट अनेकांना अडवते: ३.१२ पासून नव्या पर्यावरणात 'सेटअपटूल्स' हे पॅकेजेस बांधण्याचे साधन आपोआप येत नाही आणि त्याच कामाचे 'डिस्टयूटिल्स' हे जुने मॉड्यूल (तयार कोडची फाइल किंवा संच) तर भाषेतूनच काढून टाकले आहे. एखादे जुने पॅकेज बसताना 'डिस्टयूटिल्स सापडत नाही' अशी तक्रार आली, तर आधी त्या पॅकेजची नवी आवृत्ती शोधावी आणि ती नसेल तरच सेटअपटूल्स स्वतः बसवून पाहावे.

३.१३ मध्ये भाषेसोबत येणारी १९ जुनी मॉड्यूल्स एकदम वगळली गेली. त्यांतील बहुतेकांची नावेही आपल्याकडे कोणी घेत नाही, पण दोन मॉड्यूल्स तपासलीच पाहिजेत. पहिले 'सीजीआय', ज्यावर कार्यालयातील जुने वेब-फॉर्म चाललेले असतात. दुसरे 'टेलनेटलिब'. वजनकाट्याचा आकडा नेटवर्कवरून घेण्यासाठी हे मॉड्यूल वापरलेले असेल, तर ३.१३ वर प्रोग्राम पहिल्याच ओळींत थांबतो. काटा नुसता आकडा पाठवत असेल तर 'सॉकेट' हे मॉड्यूल पुरेसे आहे: जोडणी करावी, ओळीचा शेवट येईपर्यंत बाइट वाचत राहावेत आणि मग त्यांतून आकडा वेगळा करावा. एकाच वाचनात संपूर्ण ओळ येईल असे गृहीत धरू नये, कारण अर्धा आकडा वाचला गेला तर वजनच चुकते.

आता मराठी मजकुराकडे वळू. माझ्या मते या संपूर्ण स्थलांतरात सर्वाधिक वेळ येथेच द्यायला हवा. फाइल उघडणाऱ्या 'ओपन' या फंक्शनला एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटांत कशी साठवली आहेत याची पद्धत, सांगितले नाही, तर ३.१४ पर्यंतची पायथन विंडोजवर संगणकाच्या भाषा-मांडणीप्रमाणे अक्षरांचा जुना तक्ता वापरते आणि आपल्याकडील इंग्रजी मांडणीच्या संगणकांवर तो बहुधा १२५२ क्रमांकाचा असतो. फाइल मात्र यूटीएफ-८ या सर्व लिप्यांसाठीच्या एन्कोडिंगमध्ये असते, जिथे देवनागरीतील प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे असते. या दोहोंची गाठ पडली की काय होते, ते तालुक्यांच्या यादीवर पाहावे. रावेर, यावल आणि चोपडा ही नावे कोणतीही तक्रार न होता वाचली जातात, पण त्यांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन 'ए' आणि चलनाची चिन्हे यांची रांग येते. धुळे, नंदुरबार आणि मुक्ताईनगर यांपैकी एखादे नाव आले की प्रोग्राम त्रुटी दाखवून थांबतो. याचे कारण ऱ्हस्व उकाराच्या मात्रेत दडलेले आहे: तिचा तिसरा बाइट असा आहे की ज्याला १२५२ च्या तक्त्यात जागाच नेमलेली नाही. हलन्ताच्या चिन्हाचीही हीच गत होते, म्हणून जोडाक्षरांची नावेही अडतात. जो प्रोग्राम थांबतो त्याची चूक निदान लगेच कळते; रावेरची नोंद मात्र बिघडलेल्या रूपात खतावणीत जाऊन बसते आणि नंतर नावाने शोधले असता सापडत नाही.

३.१५ पासून यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग ठरणार आहे, हा आपल्या भाषेच्या दृष्टीने मोठा आणि स्वागतार्ह बदल आहे. तोवर वाट पाहत बसू नये. फाइल उघडण्याच्या प्रत्येक ठिकाणी एन्कोडिंग स्पष्ट लिहावे. अशी ठिकाणे हाताने शोधायची गरज नाही: पायथनच्या आज्ञेत वजा चिन्ह व कॅपिटल एक्स यांच्यापुढे 'वॉर्न', 'डिफॉल्ट' आणि 'एन्कोडिंग' हे शब्द अंडरस्कोरने जोडून दिले की एन्कोडिंग न सांगितलेल्या प्रत्येक ओळीवर इशारा येतो. ही सोय ३.१० पासून आहे. एक्सेलमधून यूटीएफ-८ प्रकारात साठवलेल्या सीएसव्ही फाइलच्या आरंभी एक अदृश्य खूण असते, त्यामुळे साध्या यूटीएफ-८ ने वाचल्यास पहिल्या स्तंभाचे नाव जुळत नाही. तेथे 'यूटीएफ-८-सिग' हे एन्कोडिंग द्यावे.

वेळेच्या नोंदीही तपासाव्यात. 'यूटीसीनाऊ' हे फंक्शन ३.१२ पासून कालबाह्य ठरवले आहे. ते जागतिक वेळ (यूटीसी) देते, पण ती जागतिक आहे याची कोणतीही खूण सोबत ठेवत नाही. पहाटे ४ वाजता भरलेल्या केळीच्या ट्रकची पावती अशा प्रोग्राममध्ये आदल्या दिवशीच्या रात्री १०:३० ची ठरते आणि दिवसाचा हिशेब दोन तारखांत विभागला जातो. त्याऐवजी 'नाऊ' या फंक्शनला यूटीसीचा विभाग द्यावा आणि छापताना 'झोनइन्फो' मॉड्यूलने 'एशिया/कोलकाता' या विभागात वेळ बदलावी. विंडोजवर त्यासाठी 'टीझेडडेटा' हे पॅकेज बसवावे लागते. जुन्या साठवलेल्या वेळांवर विभागाची खूण नसते आणि खूण असलेल्या वेळेशी त्यांची लहानमोठी तुलना केली तर पायथन त्रुटी देते; म्हणून जुन्या नोंदी वाचतानाच त्यांना यूटीसी विभाग जोडून घ्यावा.

फोल्डरच्या पत्त्यातील बॅकस्लॅशबद्दल ३.१२ पासून पायथन अधिक ठळक इशारा देते. रोमन लिपीत 'के'ने सुरू होणाऱ्या 'केळी' या फोल्डरपूर्वी बॅकस्लॅश असेल तर इशारा येतो. परंतु 'एन'ने सुरू होणाऱ्या 'नोंदी'पूर्वी असेल तर येत नाही, कारण त्या जोडीचा अर्थ 'नवी ओळ' असा होतो. 'टी'ने लिहिलेल्या 'तूर'पूर्वी तिचा अर्थ 'टॅब' होतो. पत्त्याच्या अवतरणापूर्वी 'आर' हे अक्षर लावावे किंवा सरळ स्लॅश वापरावा, म्हणजे दोन्ही प्रकार टळतात.

खास ३.१४ मधील नवलाईंपैकी जुन्या प्रोग्रामांना थेट लागणाऱ्या थोड्याच आहेत. त्रुटी येवो वा न येवो, शेवटी चालणाऱ्या 'फायनली'च्या भागात 'रिटर्न' लिहिले असल्यास इशारा येतो. तो गांभीर्याने घ्यावा, कारण अशा रचनेत खरी त्रुटी गिळली जाते. लिनक्सवर अनेक प्रक्रिया एकदम चालवणाऱ्या प्रोग्रामांची मूळ पद्धत बदलली आहे, म्हणून तेथे मुख्य भाग 'नेम' आणि 'मेन' यांच्या नेहमीच्या अटीखाली (फाइल थेट चालवली तरच तो भाग चालावा, अशी अट) असल्याची खात्री करावी. टी-स्ट्रिंग ही मजकुराचे साचे लिहिण्याची नवी रचना आणि जागतिक कुलपाविना (एका वेळी एकच धागा चालू देणाऱ्या बंधनाविना) चालणारी पर्यायी बांधणी यांची पावती-हिशेबाच्या कामाला आज गरज नाही. चुकलेल्या शब्दाजवळचा बरोबर शब्द सुचवणारे त्रुटीसंदेश मात्र शिकणाऱ्यांना फार उपयोगी आहेत. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत नवी तुकडी शिकवताना तेवढ्यासाठीही ३.१४ घ्यावी.

दुरुस्त्या झाल्यावर जुना आणि नवा प्रोग्राम काही दिवस सोबत चालवावेत. दोघांना एकाच दिवसाच्या नोंदी द्याव्यात, निघालेल्या फाइल ओळीगणिक ताडून पाहाव्यात आणि फरक दिसला की तो वजनाचा, तारखेचा की नावाचा हे आधी ठरवावे. दोन्ही प्रोग्रामांनी एकाच डेटाबेसमध्ये लिहू नये. नव्यासाठी नक्कल वापरावी. फरक येणे थांबले की डेस्कटॉपवरील शॉर्टकट नव्या पर्यावरणाकडे वळवावा. जुना फोल्डर पुढचा कापूस हंगाम सुरळीत पार पडेपर्यंत जसाच्या तसा ठेवावा, म्हणजे ऐन आवकेत काही अडलेच तर शॉर्टकट परत फिरवून पावती देता येईल.