रेझिनमध्ये फळ टिकवायचं तर आधी पाणी काढा

रेझिन म्हणजे साच्यात ओतल्यावर काचेसारखा घट्ट होणारा पारदर्शक द्रव. त्यात बसवलेली माझी पहिली लिंबाची चकती महिनाभरात तपकिरी पडली. सालीभोवती बुडबुड्यांची माळ आणि आत ढगाळ डाग. कारण एकच, चकती ओली होती. रेझिन फळाला बंद करतं, सुकवत नाही; आतलं पाणी आतच राहतं आणि फळ नासतं.

म्हणून चकती ३-४ मिलिमीटरच कापा, टिपकागदाने टिपा आणि सिलिका जेलमध्ये (ओलावा शोषणारे दाणे) पूर्ण पुरून आठवडाभर तरी ठेवा. घाई इथेच नडते. वाकवल्यावर चकती कट्कन मोडली पाहिजे. लवली तर परत पुरा. बिस्कीट, डाळी, मसाले मुळातच कोरडे, त्यांना एवढा खटाटोप नको.

मग ब्रशने रेझिनचा पातळ हात सगळीकडून द्या, छिद्रांत अडकलेली हवा तिथेच निघते. तो सुकला की साच्यात थर ओता. साधं इपॉक्सी, म्हणजे रेझिनचाच एक प्रकार, एका वेळी सेंटिमीटरभरच. जाड ओतलं तर तापतं, तडकतं. रेझिन आणि ते घट्ट करणाऱ्या हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलंच घ्या, सावकाश ढवळा.

हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. लहान मुलांच्या हाती मात्र हे देऊ नका, फळ अगदी खरं दिसतं.