गावात स्टँडअप करता? जोक पडल्यावर या चुका टाळा

गणेशमंडळात, कॉलेजच्या गॅदरिंगमधे वऱ्हाडीत पाच-सात मिनिटं स्टँडअप करणारे पोट्टे पाहून मले मनापासून आनंद होते, पण एक शो पडला की त्यातले कितीतरी जण माईक सोडून देतात.

पहिली चूक, गावाले दोष देणं. "इथल्या लोकायले कॉमेडी समजत नाई." भाऊ, झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर रात्र-रात्रभर नाटकं चालतात, गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा तर त्याचं केंद्र, तिथं विनोदी नटाले पहाटेपर्यंत दाद देणारे लोक बसलेले असतात, त्यायले हसणं समजत नाई असं कसं म्हणता? बहुतेक वेळा आपणच मोबाईलवर पाहिलेला डेटिंग ॲपवरचा सेट, म्हणजे जोकायचा पूर्ण कार्यक्रम, जसाच्या तसा मारलेला असते. सेट रेकॉर्ड करा अन् दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच रात्री नको. सेटअप (जोकच्या आधीची मांडणी) लांबला का, पंच (हसवणारी शेवटची ओळ) झाल्यावरही तुम्ही बोलतच राहिले का, का माईक खरखरत होता अन् मागं ऐकूच गेलं नाई? मंडपात हे फार होते.

पण जोक पडणं वेगळं अन् जोक लागणं वेगळं. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मधे फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, शेतकरी आत्महत्या तर आपल्याकडं गावोगावच्या. तिथं कर्जावर, औषधाच्या डब्यावर हलका जोक मारला तर समोरच्या खुर्चीवर कोण बसलंय माहीत नसते. असं झालं तर स्टेटसवर गोलमोल माफी टाकून मोकळं होऊ नका. ज्याले लागलं त्याच्या घरी जा, कोणता जोक चुकला ते सांगा, "मले म्हणायचं तसं नव्हतं" हे लांबवू नका, ऐकून घ्या. अन् तिथं व्हिडिओ तर बिलकुल काढू नका.

उशीरही नको. २०१८ मधे केविन हार्ट या अमेरिकन कॉमेडियनले ऑस्करचं सूत्रसंचालन मिळालं, समलिंगी लोकायले लागतील असे त्याचे जुने ट्वीट निघाले, आधी तो माफी मागणार नाई म्हणाला, मग काम सोडतानाच माफी मागितली.

समोरच्यानं माफ केलंच पाहिजे असं नाई, तो त्याचा हक्क. तरी स्वतःले आयुष्यभर शिक्षा देत बसणं हीसुद्धा चूकच, कारण त्यातून त्या घराले काहीच मिळत नाई. तो जोक काढा, सगळा सेट फेकू नका, बाकीची चार मिनिटं चांगली असू शकतात. पुढच्या कार्यक्रमात नाव द्या.