गाठवलेले मण्यांचे दागिने: या चुका टाळा

काळ्या मण्यांची पोत, मोत्यांचा तन्मणी, ठुशी किंवा बोरमाळ अचानक तुटते, तेव्हा दोष बहुधा सोन्याचा किंवा मोत्याचा नसतो; तो दोऱ्याचा असतो. हा दोरा पिळणाऱ्या, त्यात मणी ओवून गाठी मारणाऱ्या आणि शेवटी गोंडा बांधणाऱ्या कारागिराला आपण पटवेकरी म्हणतो. सोनाराची घडणावळ निमूटपणे देणारे आपण पटवेकऱ्याच्या मजुरीसाठी मात्र घासाघीस करतो, आणि या दागिन्यांचे बरेचसे नुकसान याच वृत्तीतून होते, असे मला वाटते.

दागिना तुटेपर्यंत वाट पाहणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. माळेचा थोडा भाग दोन्ही हातांच्या चिमटीत आडवा धरून पाहावा. मण्यांमध्ये फट पडून दोरा उघडा दिसत असेल, तो काळपट पडला असेल किंवा गाठीपाशी तंतू सुटले असतील, तर दागिना गाठवून घेण्याची वेळ झाली आहे. घाम, तेल आणि धूळ रेशमात मुरतात, शिवाय काचेच्या मण्यांच्या भोकांच्या कडा धारदार असल्याने त्या दोरा आतून कापत राहतात. म्हणून रोजच्या वापरातली पोत वर्षातून एकदा दाखवावी. सणावारी निघणारा दागिना घालण्यापूर्वी तपासावा.

तात्पुरती सोय म्हणून शिवणाच्या दोऱ्यात किंवा नायलॉनमध्ये मणी ओवू नयेत. नायलॉनवर गाठ घसरते, आणि त्याच्या ताठपणामुळे पदक गळ्यावर नीट बसत नाही. मोत्यांच्या सरात दोन मोत्यांमध्ये गाठ मारतात, ती केवळ शोभेसाठी नव्हे: मोती एकमेकांवर घासत नाहीत, आणि दोरा तुटलाच तर एखादाच मोती निसटतो, सगळा सर विखुरत नाही. या गाठींमुळे सराची लांबी वाढते, हे लक्षात ठेवूनच माप सांगावे.

स्वच्छतेच्या बाबतीत मोती आणि सोन्याचे मणी यांना एकच उपाय लावला जातो, तोही चुकीचा आहे. मोती मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटचा बनलेला असतो. लिंबू, व्हिनेगर किंवा आम्लयुक्त द्रावण लागले की त्याचे पाणी उतरते. पदार्थाचे काठिण्य मोजणाऱ्या मोह्स मापावर तो साधारण 2.5 ते 4.5 इतका असतो, तर धुळीतल्या क्वार्ट्झच्या कणांचे काठिण्य 7 असते, त्यामुळे कोरड्या, खरखरीत कापडाने जोरात पुसणेही त्याला बाधते. मऊ, किंचित ओलसर मलमलीने हलकेच पुसावे, दोरा ओला झाल्यास दागिना सपाट पसरून पूर्ण वाळू द्यावा, आणि अत्तर आधी लावून दागिना नंतर घालावा.

बोरमाळेची गोष्ट वेगळी आहे. तिचे मणी पातळ सोन्याच्या पत्र्याचे असून पोकळी लाखेने भरलेली असते. आमच्या घरी आजीची बोरमाळ एकदा चांगल्या हेतूने रिठ्याच्या उकळत्या पाण्यात सोडली गेली; लाख वितळून भोकांतून बाहेर आली आणि आधार गेलेले मणी नुसत्या बोटांच्या दाबाने चेपले. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगते की लाखेच्या दागिन्याला कोमट पाणीसुद्धा दाखवू नका. अल्कोहोलमध्येही लाख विरघळते, म्हणून अत्तराचा फवारा यावर उडू देऊ नये. खरेदी करताना लाखेचे वजन वजा करून सोन्याचे निव्वळ वजन पावतीवर लिहून घ्यावे.

काळ्या मण्यांचा रंग उतरू लागला, तर ते वरून रंगवलेले असण्याची शक्यता असते. नेलपॉलिश काढण्याचे द्रावण कापसाला लावून एकच सुटा मणी चोळून पाहावा. कापूस काळा झाला, तर अस्सल काळ्या काचेचे मणी घेऊन पोत नव्याने गाठवावी.

पटवेकऱ्याकडे जाण्यापूर्वी जुना दोरा स्वतः कापू नये. कोल्हापुरी साजात जव मण्यांमध्ये पदके ठरलेल्या क्रमाने येतात आणि क्रम हरवला की कारागिरालाही अंदाजाने काम करावे लागते. आधी छायाचित्र काढावे, मणी मोजावेत, वजन करावे आणि शक्य असल्यास काम होईपर्यंत समोर बसावे. असे बसल्यावर गाठ मण्याला नेमकी भिडेपर्यंत दोऱ्यावरचा ताण सांभाळणारी ती बोटे पाहता येतात, आणि मजुरीचा आकडा जास्त वाटेनासा होतो. ठुशीच्या गोंड्याची सरकती गाठ सैल झाली आहे, गोंडाही बदला, असे त्याने सुचवले तर ते ऐकावे.

आणि दागिना घरातच तुटला, तर उरलेला भाग ओढून काढण्याऐवजी खाली पांढरे कापड पसरावे, दोऱ्याच्या दोन्ही टोकांना तात्पुरत्या गाठी माराव्यात आणि निसटलेले मणी डबीत ठेवून, जुन्या दोऱ्याचा सुटलेला तुकडाही मापासाठी त्यांच्यासोबतच जपावा.